अभयदान : स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा यांचे पुण्यस्मरण

(सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या आचार्यांनी गृहस्थासाठी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी आहार, औषध आणि शास्त्र ही तीन दाने ट्रस्टच्या वार्षिक अहवालात नियमितपणे नोंदली जातात, दात्यांची नावे फलकावर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. चौथे अभयदान. त्याचा अर्थ आपल्याकडे बहुधा पांजरपोळाच्या दारापाशी येऊन थांबतो. आज ज्या तरुण वैमानिकाचे स्मरण करावयाचे आहे, ते ना आपल्या गावचे, ना आपल्या समाजाचे. तथापि या चौथ्या दानाचा विचार त्यांच्यावाचून अपुरा राहील.

अजय आहुजा यांचा जन्म २२ मे १९६३ रोजी राजस्थानातील कोटा येथे झाला. कापडपेठेला कोटा ठाऊक आहे तो डोरिया साडीमुळे. कैथूनच्या हातमागावरची ती बारीक चौकड्यांची तलम साडी उन्हाळा लागला की आजही मागितली जाते. त्याच शहरातील सेंट पॉल शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते बाहेर पडले आणि १४ जून १९८५ रोजी वायुसेनेत रुजू झाले. मिग-२१ व मिग-२३ ही विमाने त्यांनी चालविली, नवशिक्या वैमानिकांना उड्डाणाचे पाठही दिले. १९९९ साली ते भटिंड्याजवळील भिसियाना येथे १७ व्या स्क्वॉड्रनचे फ्लाइट कमांडर होते. घरी पत्नी आणि लहान मुलगा.

कारगिलच्या शिखरांवर घुसखोरांनी ठाणी मांडली होती. २६ मे १९९९ रोजी वायुसेनेची कारवाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, २७ मे रोजी, आहुजांकडे काम होते छायाचित्रे घेण्याचे. नियंत्रणरेषेलगतच्या शत्रूच्या ठाण्यांची विमानातून टेहळणी करावयाची होती. त्याच वेळी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले आणि त्यांना छत्रीच्या साहाय्याने बाहेर पडावे लागले.

आता येथे थोडे थांबावे लागेल. आहुजांचे विमान शाबूत होते. ते परत फिरले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. त्या भागात खांद्यावरून डागावयाची क्षेपणास्त्रे आहेत, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. असे क्षेपणास्त्र विमानाच्या इंजिनाच्या उष्णतेचा माग काढीत येते. मैदानात त्याचा पल्ला बेताचा वाटेल; पण डागणारा स्वतःच हजारो फूट उंच कड्यावर बसलेला असेल, तर वरून जाणारे विमान त्याच्या टप्प्यात येते. आणि खाली उतरलेल्या माणसाचा ठाव घ्यावयाचा, तर घिरट्या घालाव्या लागतात, खाली यावे लागते. सहकारी कोठे उतरला हे कळल्यावाचून सुटकेचे पथक जाणार कोठे? आहुजा थांबले. शोध घेत असतानाच त्यांच्या विमानावर क्षेपणास्त्र आदळले. आपण बाहेर पडत असल्याचे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळविले. तोच त्यांचा शेवटचा निरोप ठरला.

त्यांचे पार्थिव पाकिस्तानकडून परत मिळाले, तेव्हा तपासणीत गोळ्यांच्या जखमा आढळल्या. ते जिवंत उतरले होते आणि नंतर त्यांना मारण्यात आले, असे भारत सरकारने जाहीर केले. शरण आलेल्याला, निःशस्त्राला मारणे कोणत्या धर्मात बसते, हा प्रश्न त्या वेळी देशभर विचारला गेला. छत्तीस वर्षे पूर्ण होऊन त्यांना पाचच दिवस झाले होते.

सैनिकाचे गुणगान अहिंसाधर्मीयांनी करावे काय, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. ती अनाठायी नाही. परंतु श्रावकाला त्याग सांगितला आहे तो संकल्पी हिंसेचा. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा संसारात राहणाऱ्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हे आपल्या शास्त्रकारांनी जाणले होते. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची प्रतिमा उभारणारे चामुंडराय गंग राज्याचे सेनापतीच होते. शिवाय आहुजांच्या बाबतीत हा वाद फारसा उरतच नाही. त्यांची अखेरची मिनिटे कोणाचा प्राण घेण्यात गेली नाहीत, एकाचा प्राण शोधण्यात गेली.

नचिकेता शत्रूच्या हाती सापडले होते. ३ जून १९९९ रोजी त्यांची सुटका झाली. पुढे ते वायुसेनेची वाहतूक विमाने चालवू लागले. एक वैमानिक घरी परतला, दुसऱ्याच्या घरी १५ ऑगस्ट १९९९ रोजी वीरचक्र जाहीर झाल्याची वार्ता आली. आयुष्यकर्म संपले, असे म्हणून आपण अशा घरी सांत्वन करतो. सिद्धांत म्हणून ते सत्यच आहे. पण ज्या मुलाला वडिलांची ओळख छायाचित्रांतून आणि इतरांच्या आठवणींतून करून घ्यावी लागते, त्याच्यापुढे हा सिद्धांत जरा हलक्या आवाजातच सांगावा.

त्या वेळी १७ व्या स्क्वॉड्रनचे प्रमुख असलेले विंग कमांडर बी. एस. धनोआ पुढे वायुसेनाप्रमुख झाले. घटनेला वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २७ मे २०१९ रोजी, ते भिसियाना तळावर आले आणि स्वतः मिग-२१ घेऊन आकाशात गेले. सोबत आणखी तीन विमाने होती. बाणाच्या आकारात उडणाऱ्या त्या विमानांत एक जागा मुद्दाम मोकळी सोडली होती. ती मिग-२१ विमानेही सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाली.

आता सर्वांनी कृपया उभे राहून नऊ वेळा णमोकार मंत्राचे स्मरण करीत कायोत्सर्ग करावा.

जय जिनेंद्र.