आहाराचा रकाना



  बालमधुमेहाच्या क्षेत्रातील घडामोडींचा आढावा अधिवेशनाच्या अध्यक्षाने घ्यावा, असा आपला शिरस्ता आहे. तो मी पाळणारच होतो. परंतु काल दिवसभर गव्हावरून येथे जो वाद झाला तो ऐकल्यानंतर, वर्षानुवर्षे मनात साठलेली एक फिर्याद मांडल्यावाचून मला राहवत नाही.

वादाचे मूळ सर्वांस ठाऊक आहे. गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन प्रोलीन व ग्लूटामीन या अमिनो आम्लांनी इतके संपन्न असते की आपल्या पाचकरसांना त्याचे पूर्ण विघटन साधत नाही. 33 अमिनो आम्लांचा त्याचा एक तुकडा तर साऱ्या पाचकरसांना पुरून उरतो. असे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरापलीकडे पोचले, की तेथील ट्रान्सग्लूटामिनेज हे विकर त्यांत अल्पसा फेरफार करते, आणि ज्यांच्या पेशींवर डीक्यू 2 किंवा डीक्यू 8 ही आनुवंशिक चिन्हे आहेत त्यांच्यापैकी काहींच्या टी पेशी त्या तुकड्यांविरुद्ध चवताळून आतड्याचेच अस्तर उद्ध्वस्त करतात. हा सीलिअ‍ॅक विकार. स्वादुपिंडातील बीटा पेशींचा संहार होऊन जो टाइप 1 मधुमेह जडतो, त्यातही हीच चिन्हे वारंवार आढळतात, आणि अशा मधुमेही बालकांपैकी शेकडा पाचसहा जणांना सीलिअ‍ॅकही असतो.

येथवर दुमत नाही. ग्लूटेन मधुमेहासही कारण होते काय, येथे मात्र दोन तट पडतात. मधुमेहप्रवण एनओडी उंदरांना ग्लूटेनविरहित आहारावर वाढविले असता रोगाचे प्रमाण शेकडा 64 वरून 15 वर आले, असा प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. 2018 मध्ये डेन्मार्कमधून वृत्त आले, की गरोदरपणी रोज 20 ग्रॅम वा अधिक ग्लूटेन खाणाऱ्या मातांच्या अपत्यांत हा मधुमेह, सात ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या अपत्यांच्या मानाने, दुप्पट आढळला. दोनच वर्षांनी नॉर्वेने सांगितले, की मातेच्या खाण्याचा संबंध दिसत नाही, बालकाने दीड वर्षाच्या वयात खाल्लेल्या ग्लूटेनचा दिसतो. जर्मनीतील बेबीडाएट प्रयोगात तर बालकाचे ग्लूटेन सहाव्या महिन्याऐवजी बाराव्या महिन्यापर्यंत लांबवूनही काही लाभ झाला नव्हता. एक तट म्हणतो, मधुमेह झालेल्या प्रत्येक घरातून गहू हद्दपार करा. दुसरा म्हणतो, हे सारे थोतांड आहे. डॅनिश पाहणीतील मातांनी पंचविसाव्या आठवड्यात एकदा भरून दिलेल्या प्रश्नावलीवर संपूर्ण गरोदरपणाचा हिशेब उभा आहे, याची वास्तपुस्त मात्र काल कोणीही केली नाही.

माझी फिर्याद हीच आहे. आपल्या केसपेपरवर आहाराचा एक रकाना असतो, आणि त्यात आपण ‘शाकाहारी’ किंवा ‘मिश्र’ एवढा शब्द लिहून पुढे जातो. इन्सुलिनची मात्रा अर्ध्या युनिटापर्यंत लिहिणारे आपण, मुलाने काय खाल्ले, ते कोठे दळले, कोणी शिजविले, याची चौकशी म्हणजे खालच्या दर्जाचे काम समजतो. ज्या विलेम डिके यांच्यामुळे सीलिअ‍ॅकचे कारण जगाला कळले, ते हेग येथील बालरुग्णालयात मुलांच्या ताटाकडे पाहणारे वैद्य होते. गव्हाविषयी त्यांचा संशय युद्धापूर्वीचा. 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव दुर्मीळ झाला असता त्यांच्या रुग्णांची प्रकृती सुधारली आणि पाव परत येताच ती खालावली, तेव्हा तो दृढ झाला, आणि 1950 च्या प्रबंधात त्यांनी तो सिद्ध केला.

माझ्याकडे सोलापूरकडील शेतकरी घरातली एक मुलगी येत असे. मधुमेह जुना, उंची खुंटलेली, आणि इन्सुलिन तेच असता रात्री-अपरात्री साखर एकाएकी उतरायची. एका शहरातील रुग्णालयाने आईला सुई नीट टोचता येत नाही असा ठपका ठेवून तिला परत पाठविले होते. प्रतिपिंडे तपासली, आतड्याचा तुकडा तपासला, सीलिअ‍ॅक निघाला. गहू बंद केला. तरी वर्षभराने प्रतिपिंडे चढलेलीच. माझे सहकारी म्हणाले, बाई खोटे बोलते आहे. मी त्या माउलीला समोर बसविले आणि म्हटले, “ताई, चूल पेटल्यापासून काय काय करता ते सांगा.” तिने सांगितले. ज्वारी गावच्या गिरणीत, गव्हाच्या दळणामागून त्याच चक्कीवर दळली जात होती, आणि भाकरीच्या पिठात वर्षभर गहू येत होता. आमटीच्या फोडणीत बांधणीचा हिंग होता, आणि त्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तिने माळ्यावरचे सासूचे जाते खाली काढले, हिंग सोडला. काही महिन्यांत प्रतिपिंडे उतरली, रात्रीची साखर स्थिरावली आणि मुलगी वाढू लागली. तिचे इन्सुलिन सुटले नाही, ते सुटणारही नव्हते. म्हणून गहू सोडल्याने मधुमेह बरा होतो असे सांगणाऱ्यांशी माझे जितके भांडण आहे, तितकेच गव्हाचा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्यांशीही आहे.

“हा उत्तरेचा रोग, भाकरीच्या मुलखात तो कुठला?” हे वाक्य मी उभी हयात ऐकत आलो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सीलिअ‍ॅक उत्तरेत शेकडा 1.23, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 आढळला, आनुवंशिक चिन्हे मात्र तिन्हीकडे जवळजवळ सारखी होती. उत्तरेत गहू भरपूर, दक्षिणेत अगदी थोडा; आणि ईशान्येतही थोडाच असून रोग बराच. म्हणजे केवळ वजनकाट्याने हे कोडे सुटत नाही. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. ज्या प्रांताच्या ताटात रेशनच्या गव्हाने पोळी रुळविली, त्या प्रांताचा आकडा आपण कोणाकडून मागणार?

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. टाइप 1 मधुमेहाचे निदान झालेल्या प्रत्येक बालकाची ट्रान्सग्लूटामिनेज प्रतिपिंडांची तपासणी त्याच वेळी, आणि पुढेही दोन व पाच वर्षांनी व्हावी. निदान नसता कोणाचाही गहू बंद करू नये, कारण तसे केल्यास नंतरची तपासणीच निरर्थक ठरते. आणि आहाराच्या रकान्याचा नवा नमुना तयार व्हावा. त्याचा तपशील मसलतीने ठरेल, आहारतज्ज्ञ भगिनींना तीत अग्रस्थान असावे. हे मी ठराव म्हणून मांडतो. सायंकाळच्या बैठकीत ज्यांचा त्यास विरोध असेल त्यांनी उभे राहून, कारणांसह, तो नोंदवावा.