आतली माया

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायचे म्हटले तरी माझी जीभ अडखळते. शिवाय माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, आणि मुलीने रोज एस. टी.ने जाणे वडिलांना पसंत नव्हते. तेव्हा पुस्तकांवर मी काय बोलणार, असे मी चिटणीसबाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, “चार मंगळवार आपण सगळ्या भांडलो, ते भांडण तरी सांगा.” भांडण सांगायला शिक्षण लागत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून आधी थोडे सांगते. मंगळवारी दुपारी तीनला आपण वाचायला बसतो. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात, कोणी शेंगा सोलते, कोणी वाती वळते. मी साडीला फॉल लावत बसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा आपणही पेढे वाटले होते. त्यानंतरच्या संक्रांतीला एका भगिनीने मंडळाला काचेच्या दाराचे छोटे कपाट भेट दिले. त्यावर कोणीतरी सुचवले, “भाषा अभिजात ठरली, आता पुस्तकेही ठरवू या. अलीकडची, म्हणजे सन २००० नंतरची जी पुस्तके पुढे टिकतील असे वाटते, ती या काचेच्या कपाटात ठेवू.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे किती अवघड आहे ते तेव्हा कोणालाच कळले नाही.

पहिल्याच मंगळवारी आपल्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, की भाषेला जो मान मिळाला तो जुन्या वाङ्मयामुळे. ‘गाथासप्तशती’सारखा दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ पाठीशी आहे म्हणून. कालपरवाच्या पुस्तकाला अभिजात कसे म्हणायचे? म्हणणे खरे होते. पण आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “जुने काही आकाशातून जुने होऊन पडत नाही. तेही एकदा नवेच होते.” तेही खरे होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा तेही नवेच पुस्तक होते. ‘कोसला’ १९६३ साली आली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. त्या दिवशी ती हातात घेणाऱ्याला पुढचे थोडेच दिसले असेल? तेव्हा नव्याला निवडायचे म्हणजे चुकण्याची तयारी ठेवायची, एवढे पहिल्या मंगळवारी ठरले.

दुसऱ्या मंगळवारी पुरस्कारावरून वाद झाला. एक जण म्हणाली, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार ते घ्या, म्हणजे डोकेफोड नको. तेव्हा माझ्या मुलीने, ती कॉलेजात आहे आणि त्या दिवशी चहा करायला आली होती, मध्येच सांगितले, की नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला २०२० सालचा तो पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो नाकारला. आता या पुस्तकाचे काय करायचे? पुरस्कार मिळाला म्हणून आत घ्यायचे, की घेतला नाही म्हणून बाहेर ठेवायचे? सगळ्या हसल्या, आणि पुरस्काराचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

मग भाषेचा प्रश्न निघाला. नवीन कादंबऱ्यांत खेड्यातली बोली असते, शिव्या असतात, अशी भाषा अभिजात कशी, असे एका भगिनीने विचारले. त्या असेही म्हणाल्या, “अभिजात म्हणजे काय ते आधी समजायला हवे, नाहीतर कोणीही उठून मत देईल.” त्यांनी माझ्याकडे पाहिले नव्हते. तरी ते शब्द मला लागले, आणि तो मंगळवार मी मान खाली घालून सुई ओढत बसले. घरी गेल्यावर आठवले, की बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली, तीही खानदेशाच्या बोलीत. आज ती शाळेतली मुले पाठ करतात. पुढच्या वेळी हे मी बोलले. आवाज कापत होता, पण बोलले. त्या भगिनीनेच पहिल्यांदा मान डोलावली, हे मला आज मुद्दाम सांगायचे आहे.

तिसऱ्या मंगळवारी प्रत्येकीने आपापले पुस्तक मांडले. विदर्भाकडून सून होऊन आलेल्या ताईंनी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मांडली. २००२ सालची ही कादंबरी. शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा, नोकरी मिळत नाही आणि शेती पुरत नाही. करमाळ्याकडच्या वहिनींनी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ मांडली. धरणात गाव गेलेले, माणसे दुसरीकडे वसलेली, आणि मागे राहिलेल्या म्हशीसाठी एक जण परत जातो, अशी ती गोष्ट आहे. वहिनींचे माहेर उजनीच्या पाण्याखाली गेले. त्या तेव्हा अगदी लहान होत्या. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुनी देवळे उघडी पडतात, ती बघायला त्यांची आई जात असे. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. ज्यांचा मुलगा दहावीला अडकला होता त्यांनी शरद बाविस्कर यांचे ‘भुरा’ पुढे केले. दहावीत नापास झालेला धुळ्याकडचा मुलगा पुढे दिल्लीत प्राध्यापक होतो, त्याचे ते आत्मकथन.

आणि मी मांडली ‘उसवण’. देविदास सौदागर यांची. आपल्या सोलापूरपासून तासाभराच्या वाटेवरचे तुळजापूर, जिथे आपण कोजागिरीला चालत जातो, तिथले हे लेखक. स्वतः शिवणकाम केलेले. २०२४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्यांना मिळाला. तयार कपडे आले आणि शिंप्याचा धंदा बसला, त्या एका घराची ही कादंबरी आहे.

ती मला का जवळची, ते गल्लीत सर्वांना माहीत आहे. आमच्या यांचे दुकान २०१९ साली बंद झाले. बावीस वर्षांच्या मापाच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. आता हे गणवेशाच्या कारखान्यात नगावर शिवतात. मी रात्री तुरपाई करता करता ते पुस्तक मोठ्याने वाचू लागले. दहा-बारा पानांनंतर हे म्हणाले, “बस कर,” आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटले, झाले, आता पुस्तक परत द्यावे. दुसऱ्या दिवशी जेवताना यांनीच विचारले, “त्याचे पुढे काय झाले?” ज्या माणसाने वर्तमानपत्रापलीकडे कधी काही वाचले नाही, त्याने हे विचारावे, याहून पुस्तकाला आणखी काय प्रमाणपत्र हवे, असे मी त्या मंगळवारी ठासून सांगितले.

तेव्हा आपल्या शिक्षिकाबाई शांतपणे म्हणाल्या, “बायांनो, एक लक्षात आले का? प्रत्येकीने आपलेच घर निवडले आहे.”

खोली एकदम गप्प झाली. खरेच होते ते. जिचे गाव बुडाले तिने बुडालेले गाव निवडले, जिच्या घरची मशीन बंद पडली तिने बंद पडलेली मशीन निवडली. आपले दुःख छापलेले पाहून आपल्याला पुस्तक थोर वाटले. त्यात चूक काही नाही, पण तेवढ्यावर पुस्तक थोर ठरते का?

मग असे ठरले, की पुस्तकांची अदलाबदल करायची. ज्या घराशी आपला काही संबंध नाही त्या घराचे पुस्तक न्यायचे आणि पंधरा दिवसांनी, चौथ्या मंगळवारी, खरे सांगायचे. माझ्याकडे ‘रिंगाण’ आली. मी जन्मात म्हैस पाळली नाही, धरण पाहिले ते सहलीला. पण रात्री पाणी प्यायला उठले तरी डोक्यात ती म्हैसच. मुलीबरोबर ‘उद्या’ही वाचली. माणसावर सतत नजर ठेवणाऱ्या पुढच्या काळाची ती कादंबरी. पहिल्यांदा मला निम्मी कळली, मुलीने समजावल्यावर दुसऱ्यांदा कळली, आणि तेव्हापासून फोन हातात घेताना जरा विचार येतो. ‘उसवण’ शिक्षिकाबाईंनी नेली. त्यांनी परत देताना एवढेच म्हटले, “ब्लाउज शिवायला इतका वेळ लागतो, हे मी चाळीस वर्षे ब्लाउज शिवून घेऊन मला ठाऊक नव्हते.” दिवाळीला त्यांनी दोन ब्लाउज टाकले आणि भाव केला नाही. पुस्तकामुळे की सणामुळे, ते मी विचारले नाही.

आता माझे मत सांगते. आम्ही कपडा बेततो तेव्हा शिवणीच्या आत थोडे कापड जादा सोडतो. त्याला आम्ही माया म्हणतो. माया ठेवलेली असली की अंग भरले तर ब्लाउज उसवून सैल करता येतो. आजच्या मापाला अगदी काटेकोर शिवलेला कपडा छान बसतो, पण एकाच वर्षी. मला वाटते, टिकणाऱ्या पुस्तकात अशी आतली माया असते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मी शाळेत वाचली तेव्हा श्यामसाठी रडले. पस्तिशीत, दुकानाची उधारी डोक्यावर असताना पुन्हा वाचली, तेव्हा श्याम दिसलाच नाही, त्या आईच्या घरावरचे कर्ज दिसले. पुस्तक तेच १९३५ सालचे. मी मोठी झाले आणि त्यात मला पुरेल एवढी जागा निघाली.

म्हणून माझ्या मते नव्या पुस्तकाला दोन गोष्टी विचाराव्यात. एक, ते दुसऱ्याच्या अंगाला बसते का? हे अदलाबदलीने पंधरा दिवसांत कळते. दुसरी, त्यात माया आहे का? हे मात्र दहा-वीस वर्षांनी पुन्हा वाचल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला कोणत्याही मंडळाचा इलाज नाही. ‘बारोमास’ला वीस वर्षे उलटून गेली आणि आपण ती आजही वाचतो, म्हणून तिच्याबद्दल मी थोडे धीराने बोलू शकते. बाकीच्यांबद्दल फक्त आशा.

चिठ्ठ्या टाकून मत घेतले. ‘बारोमास’, ‘उद्या’, ‘रिंगाण’ आणि ‘भुरा’ कपाटात गेली. ‘उसवण’लाही मते पुरेशी पडली होती. पण मीच म्हटले, ती आत नको. सगळ्यांना नवल वाटले. कारण साधे होते. काचेच्या कपाटाला कुलूप होते, आणि कुलपातले पुस्तक कोण वाचणार? आमच्या यांच्यासारखी माणसे काही किल्ली मागायला मंडळात येणार नाहीत. ते पुस्तक कारखान्यातल्या बायकांच्या डब्याच्या पिशवीतून फिरू दे, पाने दुमडू देत, डाग पडू दे. त्यावर बरीच चर्चा होऊन शेवटी कुलूपच काढले, आणि मग मी ‘उसवण’ आत ठेवू दिली. प्रत्येक पुस्तकात निवडल्याची तारीख पेन्सिलीने लिहिली आहे. पाच वर्षांनी पुन्हा मत घ्यायचे. तेव्हा खोडावे लागले तर खोडायचे, म्हणून पेन्सिल.

एवढे झाल्यावर आम्ही समाधानाने उठणार, तोच माझी मुलगी चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, “आई, पाच पुस्तके निवडलीत, एकही बाईने लिहिलेले नाही.”

भगिनींनो, महिला मंडळ आपले, चार मंगळवार भांडलो आपण, आणि हे एकीच्याही ध्यानात आले नाही. लक्ष्मीबाईंचे नाव घेऊन आपण सुरुवात केली होती. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे आपल्याच महाराष्ट्रातल्या. अलीकडे २०१९ साली अनुराधा पाटील यांच्या ‘कदाचित अजूनही’ला अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो कवितासंग्रह आपल्या लायब्ररीत आणलेलाही नव्हता. दुसऱ्याच्या घराची पुस्तके निवडताना आपण आपल्याच स्वयंपाकघराची वाट विसरलो. मला त्या रात्री बहिणाबाईंबद्दल ठासून बोललेले आठवले आणि लाज वाटली.

म्हणून कपाटात अजून पाच पुस्तकांची जागा मोकळी ठेवली आहे. या वर्षी मंगळवारी फक्त बायकांनी लिहिलेली नवी पुस्तके वाचायची, असा ठराव मी मांडते. सुरुवातीला सुनीता बोर्डे यांची ‘फिन्द्री’ आणली आहे. मराठवाड्याकडे नकोशा मुलीला हा शब्द वापरतात. मी ती अजून वाचलेली नाही, नावावरच थबकले. ती कपाटात जाईल की नाही हे तुम्ही सगळ्या ठरवाल. मी मत देईन तेव्हा, ते पुस्तक माझे घर आहे म्हणून देते की खरेच त्यात माया आहे म्हणून, एवढे स्वतःला विचारून देईन.

मंगळवारी तीन वाजता या. वाचता येत नाही म्हणून कोणी घरी राहू नये. ऐकणारीचेही मत एकच धरले जाते आणि तेही पुरे धरले जाते. येताना शेंगा घेऊन या.