प्लग काढल्यानंतरची वीज

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प तिसरे)



हा स्क्रू-ड्रायव्हर मी आज मुद्दाम बरोबर आणलाय. पहिल्या रांगेतून मागे फिरवा आणि त्याच्या टोकाकडे नीट बघा. उंदरानं कुरतडावं तशी तिथे एक खाच आहे, कडा काळी पडलीय. पोलादाचं टोक आहे ते. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिथलं पोलाद उडून गेलं. आणि त्या वेळी, ज्या यंत्रात हे टोक होतं त्याचा प्लग माझ्या पायाशी जमिनीवर पडलेला होता.

गोष्ट मझौलीची. सिहोऱ्याहून आत वळलं की विष्णुवराहाच्या देवळाचं हे गाव लागतं. इथल्या एका मराठी घरात काका-काकू दोघंच राहतात, मुलगा-सून पुण्याला. गॅसपाशी ताटकळायला नको म्हणून मुलानं ओट्याशेजारच्या कपाटात स्पीड ओव्हन बसवून दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साधा मायक्रोवेव्ह पदार्थ शिजवतो, पण खरपूस करत नाही. साधी भट्टी खरपूस करते, पण वेळ खाते. स्पीड ओव्हनमध्ये दोन्ही एका पेटीत असतात: मायक्रोवेव्ह, वर ग्रिलच्या लाल होणाऱ्या कांड्या, आणि मागे हीटर लावलेला पंखा. आपल्याकडची गक्कड, म्हणजे कणकेची जाड रोटी, घ्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात तिला जे रूप येतं ते यात येणार नाही, पण आतून शिजलेली आणि वरून तांबूस गक्कड निम्म्याहून कमी वेळात मिळते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं १९९९ मध्ये हॅलोजन दिवे वापरणारा असा घरगुती ओव्हन काढला. आता तो आपल्या मॉड्यूलर किचनमध्येही येऊन बसलाय.

काकूंचा फोन आला तो दोन तक्रारी घेऊन. एक, संध्याकाळी अन्न नीट गरम होत नाही. दुसरी त्यांनी जाता जाता सांगितली: "आणि भाऊ, दार उघडलं तरी घरघर थांबत नाही हो. मी आधी बटण बंद करते, मग उघडते." मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, "काकू, त्याला हात लावू नका. मेन बोर्डावरचा त्याचा एमसीबी पाडा. मी निघालोच."

दार उघडल्यावर मायक्रोवेव्ह चालूच राहणं ही या यंत्रातली सगळ्यात वाईट गोष्ट. सहसा ती आपोआप घडत नाही, कुणीतरी घडवून आणलेली असते.

या दाराच्या खटक्यामागे लहान लहान तीन स्विच असतात. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. तिसऱ्याला मॉनिटर स्विच म्हणतात, आणि मला स्वतःला त्याच्याबद्दल फार आदर आहे. पहिल्या दोन स्विचचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी वितळून चिकटले, तर दार उघडल्यावरही वीज चालू राहील. अशा वेळी हा तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट सर्किट करतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे ओव्हन स्वतःला बंद पाडून घेतो, पण उघड्या दारानं चालत नाही. दार उघडलं की फ्यूज जातो, अशी तक्रार आली की जाणकार माणूस फ्यूज बदलायच्या आधी स्विच तपासतो. माझ्याआधी त्या घरी कुणी कारागीर येऊन गेला होता. त्यानं तिसऱ्या स्विचच्या वायरी काढून टेप गुंडाळली होती, उरलेले दोन स्विच तांब्याच्या तारेनं जोडून टाकले होते आणि नवा फ्यूज घातला होता. पैसे घेतले, ओव्हन चालू झाला, काकूंनी चहा दिला. त्यानंतर तीन आठवडे त्या अशा ओव्हनसमोर उभ्या राहत होत्या.

मायक्रोवेव्ह म्हणजे काही किरणोत्सर्ग नव्हे. त्यानं अन्न दूषित होत नाही आणि यंत्र बंद झाल्यावर आत काही उरत नाही. पण ओव्हन चालू असताना या लहरी पाण्याचा अंश असलेली कुठलीही वस्तू तापवतात, आणि आपलं शरीर त्यातलंच. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथली उष्णता वाहून नेणारं काही नाही. म्हणून डोळ्याला धोका जास्त. नियमानं वापरातल्या ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटहून अधिक गळती चालत नाही. दुरुस्तीनंतर ती गळती मापकानं मोजायची असते, आत २७५ मिलिलिटर पाणी ठेवून. आत मोबाइल ठेवून तो वाजतो का बघणं ही काही परीक्षा नाही.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गळती अडवण्याचं काम दार घट्ट बसण्यानं होतं असं आपण समजतो. ते पुरतं खरं नाही. या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, लांबी साधारण १२ सेंटिमीटर. दाराच्या कडेनं आतल्या अंगाला एक खाच फिरवलेली असते, तिची खोली या लांबीच्या चौथाईच्या हिशेबानं, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या आसपास ठरवतात. फटीतून निसटू पाहणारी लहर त्या खाचेत जाऊन परत येते आणि स्वतःलाच मारते. तेलकट राप, चिकटलेली साखर, वाकलेला बिजागर, यांनी हा हिशेब बिघडतो. म्हणून दाराची कड रोज ओल्या फडक्यानं पुसणं हीच या यंत्राची खरी सर्व्हिसिंग. ती घरच्या माणसानंच करायची.

आता स्क्रू-ड्रायव्हरच्या त्या खाचेकडे येतो.

ओव्हन कपाटात बसवलेला. दार उघडलं की चौकटीत स्क्रू दिसतात, ते काढून अख्खं धूड पुढे ओढायचं. वजन पस्तीस-चाळीस किलो. एकट्यानं ओढू नये. कंबर जाते, नाही तर ओव्हन पायावर येतो. मी काकांच्या शेजारच्या तरुण मुलाला हाताशी घेतलं. सॉकेट ओव्हनच्या पाठीमागेच होतं. नवीन स्वयंपाकघर करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, १६ अँपिअरचं हे सॉकेट शेजारच्या कपाटात घ्या, हात पोचेल असं. आग लागली तर प्लग काढायला आधी ओव्हन ओढावा लागू नये.

प्लग काढला. वरचा पत्रा उघडला. आणि इथे, मंडळी, माझ्या पिढीच्या कारागिरांबद्दल बोलायलाच हवं. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले तेव्हा आम्ही पोरं होतो. पिक्चर ट्यूबच्या टोपीखाली २०-२५ हजार व्होल्ट. ते लागले की माणूस मागे फेकला जायचा, शिव्या द्यायचा आणि पुन्हा कामाला बसायचा. आमच्यात ते शौर्याचं लक्षण मानत. पुढे टीव्हीचं काम आटलं आणि तेच हात मायक्रोवेव्हकडे वळले. मनात हिशेब असा की तिथे २५ हजार पचवले, इथे तर फक्त चार हजार. हा हिशेब माणसं मारतो. टीव्हीतल्या त्या व्होल्टेजच्या मागे प्रवाह जेमतेम एखाद्या मिलिअँपिअरचा. ओव्हनचा तो जड ट्रान्सफॉर्मर मात्र काही शे मिलिअँपिअर न थकता पुरवत राहतो. छातीतून त्याचा दहावा हिस्सा गेला तरी हृदय थांबू शकतं.

घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे, मग भीती कशाची, असंही लोक विचारतात. फ्रिज, गीझर, इस्त्री यांच्या बाबतीत तो खरोखर जीव वाचवतो, जरूर बसवा. पण ओव्हनच्या आत उच्च दाबाचं वेटोळं घरच्या वायरिंगपासून वेगळं असतं. त्याचं एक टोक ओव्हनच्या सांगाड्याला जोडलेलं. तिथे हात लागला तर प्रवाह वेटोळ्यातून माणसात आणि माणसातून सांगाड्यात, असा आतल्या आत फिरतो. बाहेरच्या आरसीसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. तो शांत बसून राहतो.

आणि प्लग काढल्यावर? ट्रान्सफॉर्मरशेजारी पत्र्याच्या डब्यासारखा एक कपॅसिटर असतो, जुने लोक कंडेन्सर म्हणतात. क्षमता एक मायक्रोफॅरडच्या आसपास. डायोडच्या जोडीनं तो ट्रान्सफॉर्मरच्या दोन हजार व्होल्टचे चार हजार करतो आणि लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनला देतो. वीज गेली तरी भरलेली घागर तशीच. ती रिकामी करायला त्याच्या पोटातच दहा मेगओहमचा एक रेझिस्टर बसवलेला असतो, तो मिनिटाभरात काम उरकतो. पण तो रेझिस्टर तुटला की बाहेरून काही कळत नाही. आवाज नाही, दिवा नाही, वास नाही.

त्या दिवशी मी दहा मिनिटं थांबलो होतो. आता रिकामा असणारच, असं मन म्हणत होतं. तरी सवयीनं डावा हात पाठीमागे घेतला आणि जाड मुठीचा हा स्क्रू-ड्रायव्हर कपॅसिटरच्या दोन टोकांवर टेकवला. फटाक्यासारखा आवाज झाला. शेजारचा मुलगा भिंतीपर्यंत मागे गेला. काका देवघरातून धावत आले. माझ्या हाताला काही झालं नाही, पण मला पाच मिनिटं खाली बसावं लागलं. तिथे आधी बोट गेलं असतं तर?

त्या दिवसापासून मी स्क्रू-ड्रायव्हरनं शॉर्ट करणं सोडलं. आता उच्च दाब सोसणारे रेझिस्टर लावलेली, लांब दांड्याची एक वायर वापरतो. आधी चिमटा सांगाड्याच्या कोऱ्या धातूला, मग टोक कपॅसिटरला. हा क्रम उलटा करायचा नाही. दोन्ही टोकांना लावायचं, मग दोन टोकांच्या मध्ये. काम चालू असताना मध्ये एकदा जरी वीज दिली, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून ठेवायचं. घरात दुसरं माणूस हवंच, आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला ठाऊक हवं. चालू ओव्हनमध्ये साधा मल्टिमीटर कधीही घालू नये, त्याची सोसण्याची ताकद सहाशे-हजार व्होल्टची. सगळी तपासणी वीज तोडूनच होते. मॅग्नेट्रॉनच्या फिलामेंटचा रोध एक ओहमहून कमी दिसायला हवा, फिलामेंट आणि बॉडी यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. त्या फिलामेंटला लागतात फक्त तीन-सव्वातीन व्होल्ट, पण चालू असताना त्याच दोन वायरी जमिनीच्या हिशेबानं चार हजारांवर तरंगत असतात. मॅग्नेट्रॉन फोडून बघण्याचा मोहही टाळा; काहींच्या चिनी मातीच्या भागात बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची पूड फुप्फुसांना घातक.

हा मॅग्नेट्रॉन मुळात युद्धातला. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तो रडारसाठी सिद्ध केला. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट त्याच्याजवळ वितळलं आणि ओव्हनची कल्पना निघाली. त्याचाच ताकदवान भाऊबंद कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रातही असतो. मुंबईच्या समीर या सरकारी संस्थेनं बनवलेलं असं यंत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयात बसलं, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे.

काकूंच्या ओव्हनचे तिन्ही स्विच मी बदलले, कंपनीच्या नंबरचेच. कपॅसिटर बदलला. आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा तेल उडून करपला होता, तोही नवा घातला. आत ठिणग्या उडतात म्हणून घाबरून ओव्हन भंगारात देणाऱ्यांनो, आधी तो पत्रा बघा. गळती मोजली, मर्यादेच्या पुष्कळ आत होती.

पण संध्याकाळी गरम न होण्याची पहिली तक्रार उरलीच होती. कारागीर अशा वेळी मॅग्नेट्रॉन बदलायला सांगतात, आणि तोच सगळ्यात महागाचा भाग. मी काकूंना एक परीक्षा शिकवली. एक लिटर पाणी, फक्त मायक्रोवेव्ह, पूर्ण ताकद, बरोबर एक मिनिट. पाणी ढवळून तापमान किती अंश वाढलं ते बघायचं आणि त्याला सत्तरनं गुणायचं. तेवढे वॉट पाण्यात उतरले. रात्री आठ वाजता केली. शिवारात मटार आणि गव्हाला पाणी देणारे पंप चालू होते, सॉकेटवर १७८ व्होल्ट. पाणी सहा अंश वाढलं, म्हणजे ४२० वॉट. मॅग्नेट्रॉनचं असं असतं की दाब थोडा उतरला तरी त्याची ताकद त्याहून झपाट्यानं पडते. मी त्या रात्री तिथेच राहिलो. सकाळी दहाला पुन्हा केली. २३१ व्होल्ट, तेरा अंश, ९१० वॉट. पाटीवर लिहिलेले होते ९००.

मॅग्नेट्रॉन ठणठणीत होता. काकूंनी दोन्ही आकडे कॅलेंडरवर तारखेखाली पेन्सिलीनं लिहिले, आणि त्यांच्या आधारे काकांनी वीज कार्यालयाला द्यायचा अर्ज त्याच दुपारी लिहायला घेतला.