निसर्गाची ए-बी टेस्ट

आज चांद्याहून, घरूनच बोलतोय. वहिनीला सातवा महिना लागलाय. घर पक्कं शाकाहारी, तिचं बी-१२ कमी आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं हे बी-१२?"

बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं. ते जास्त असलेल्या आयांची बाळं कमी वजनाची दिसतात. पण त्याच घरात गरिबी, कष्टही असू शकतात. मग खरं कारण कुठलं?

अ‍ॅपमध्ये आपण ए-बी टेस्ट करतो. कुणाला नवं बटण, कुणाला जुनं, चिठ्ठ्या टाकून ठरतं. गरोदर बाईचं होमोसिस्टीन मुद्दाम कोण वाढवणार? पण निसर्गाने चिठ्ठ्या आधीच टाकल्यात. एमटीएचएफआर जनुकाचा एक प्रकार होमोसिस्टीन वाढवतो. तो कुणाला मिळेल हे नशिबावर, घरची शेती बघून नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांत आणि म्हैसूरला हेच तपासलं. अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. तो प्रकार असलेल्या आयांची बाळं सरासरीने हलकी निघाली. म्हणजे होमोसिस्टीन स्वतःच एक कारण असावं.

मेख एकच: जनुक दुसऱ्या एखाद्या वाटेनेही वजन घटवत असेल, तर गणित चुकतं. म्हणून 'पुरावा भक्कम झाला' म्हणायचं, 'सिद्ध झालं' नाही.

वहिनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतेय. काकूंना म्हटलं, "तुमच्या वेळीही कमी असेल काकू, मोजत नव्हतं कुणी. बोल मात्र सुनेलाच लागायचा."