बैठकीचा रंग आणि माजघरातली चूल



दिवाळी जवळ आली की आपण बैठक सजवतो. भिंतींना रंग देतो, नवे पडदे लावतो. पण माजघरातल्या चुलीचा धूर तसाच राहिला, तर तो रंग लवकरच काळवंडतो. भिंतीच्या आधी तो आपल्या डोळ्यांत व छातीत जातो. म्हणून रंगाआधी चूल सुधारावी, असे माझे सांगणे आहे.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरी गॅस आला. तरी भाकरीला व अंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच. तिला धुराडे बसवा. नळा सरळ छपराच्या वर न्या, त्यावर टोपी घाला, आतली काजळी वरचेवर काढा. पऱ्हाटी, तुराटी चांगली वाळलेलीच जाळा.

माळवदाला भोक पाडताना जाणता गवंडी बोलवा. गळते म्हणून मातीचे थरावर थर चढवू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे यांखाली किती माणसे गेली, हे लातूरकरांना काय सांगावे!

पाहुणा बैठकीत घटकाभर बसतो. घरची सून रोज दोन्ही वेळा चुलीपुढे बसते. खर्चाचा पहिला रुपया तिच्यासाठी काढावा.