मुलांच्या हातास लागेल असें वाचनालय



या महोत्सवाचें स्मारक म्हणून गांवच्या वाचनालयास मुलांसाठीं एक खोली जोडावी, असा विचार पुढें आला आहे. ती कशी असावी याविषयीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, ती आम्ही आनंदानें मान्य केली. रंग आणि फरशी यांचा विचार कारागीर करतीलच. त्याआधीं एका प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे, असें आमचें मत आहे: त्या खोलींतील कपाटांस कुलूप असावें कीं नसावें?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. मध्ययुगांत युरोपांतील कित्येक ग्रंथालयांत ग्रंथ लोखंडी सांखळीनें फळीस बांधून ठेवीत. इंग्लंडांतील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्यें असें सांखळीबंद ग्रंथालय आजही पाहावयास मिळतें. ज्या काळीं एकेक ग्रंथ हातानें लिहिला जाई, त्या काळीं ती सांखळी शहाणपणाची होती. पुढें छापखाने आले, पुस्तकें स्वस्त झालीं, सांखळ्या गेल्या; परंतु त्यांच्या जागीं आलेलें कुलूपबंद कपाट अनेक गांवांतील वाचनालयांत अद्यापि उभें आहे. मोठा मनुष्य यादी पाहून पुस्तक मागून घेतो. मुलास पुस्तकाचें नांवच ठाऊक नसतें. त्यानें काय मागावें? तें कांचेंतून क्षणभर आंत पाहतें आणि निघून जातें.

आपल्या देशांत ही अडचण पूर्वींच कांहीं थोरांच्या ध्यानीं आली होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास अमेरिकेहून बोलावलें आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांची योजना उभारली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या, व राजधानींतील मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं स्वतंत्र विभाग झाला. मद्रासचे ग्रंथपाल रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम ग्रंथरूपानें मांडले. पुस्तकें उपयोगासाठीं आहेत, हा त्यांतील पहिला नियम होय. आणि वाचकास फळीपर्यंत मोकळेपणानें जाऊं द्यावें, असा त्यांचा आग्रह होता.

दूरच्या देशांतील दोन उदाहरणें सांगतों. पॅरिस शहरांत १९२४ सालीं 'आनंदाची घटका' अशा अर्थाचें नांव असलेलें बालग्रंथालय उघडलें. तेथें मुलगे व मुली एकत्र बसत, पुस्तकें स्वतःच्या हातानें काढीत, आणि ग्रंथालयाच्या कामांत मुलांचाही वांटा असे. डेन्मार्कमधील ऑर्हुस शहरीं बंदराकांठीं २०१५ सालीं जें ग्रंथालय झालें, त्यांत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. शहराच्या इस्पितळांत मूल जन्मास आलें म्हणजे आईबाप तेथें एक कळ दाबूं शकतात, आणि इकडे ग्रंथालयांत ती घंटा वाजते. घंटेचा अर्थ आपणांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. नवें मूल साऱ्या गांवाचें आहे, आणि गांवानें त्याची वाट पाहिली आहे, असें ती सांगते.

आपली खोली एवढी मोठी होणार नाहीं, व्हावयासही नको. फळ्या चार फुटांहून उंच नसाव्यात. चित्रांचीं पुस्तकें कण्याकडून न लावतां मुखपृष्ठ समोर दिसेल अशीं मांडावींत, कारण लहान मूल अक्षरांआधीं चित्र वाचतें. आपल्याकडील पावसांत भिंतींस ओल येते, म्हणून फळ्या भिंतीपासून वीतभर दूर असाव्यात. खिडकीचा कट्टा रुंद करून त्यावर बसण्याची सोय करावी. उंबरा ठेवूं नये. चाकांच्या खुर्चींतील मूल आणि काठी टेकणारी आजी या दोघांनाही सुखानें आंत येतां आलें पाहिजे. एका कोपऱ्यांत, समुद्रावर जाण्यास निरुपयोगी झालेली एखादी जुनी होडी मिळाल्यास ती घांसूनपुसून ठेवावी व तींत चटई अंथरावी. तींत बसलेलें मूल कोणत्या बेटास निघालें आहे, हें आपण ठरवूं नये. म्हणून तिच्यावर चित्रें वा उपदेशवचनें रंगवूं नयेत. आठवड्यांतून एकदां आजीनें त्याच होडीजवळ बसून आपल्या बोलींत गोष्ट सांगावी. मग ती बोली सामवेदी असो, वाडवळी असो वा कोळी असो.

मोकळ्या फळ्यांवरील पुस्तकें फाटतील, कांहीं हरवतील, ही शंका रास्त आहे. ग्रंथपालास प्रत्येक प्रतीचा हिशेब द्यावा लागतो. त्याच्या माथीं हा भार टाकणें अन्यायाचें होईल. म्हणून महोत्सवनिधींतील कांहीं रक्कम दरवर्षीं फाटक्या व हरवलेल्या पुस्तकांसाठीं आधींच राखून ठेवावी, आणि तसा ठराव लेखी करावा. खळ, कागद व सुईदोरा ठेवलेलें एक मेज खोलींत असावें. पुस्तक सांधण्यास मुलांनींच शिकावें. ज्यानें एक पान चिकटविलें, तो दुसरें फाडण्यापूर्वीं थांबतो.

या साऱ्याची निकड काय, असें कोणी विचारील. आपल्यांपैकीं अनेकांचीं मुलें आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात. घरीं तीं मराठी बोलतात, परंतु मराठी पान समोर आलें कीं अडखळतात. शाळा तें पुस्तक हातीं देणार नाहीं; कित्येक घरांत तें नसतेंच. उरतें तें हें वाचनालय. येथेंही तें कांचेआड राहिलें, तर आपल्या आजोबांनीं जें लिहिलें, तें वाचणारा नातू या गांवांत राहणार नाहीं. सांखळीच्या काळीं ग्रंथ दुर्मिळ होता. आज मराठी वाचणारें मूल दुर्मिळ होऊं लागलें आहे. जें दुर्मिळ, तें आधीं जपावें.

तेव्हां आमची सभेस नम्र विनंती इतकीच आहे: रात्रीं खोलीच्या दारास कुलूप अवश्य लावावें, परंतु आंतील कपाटांस कड्याकोयंडे बसवूं नयेत, असें सुतारास आजच सांगावें.