आधी थांबणे, मग धावणे



कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ साली काही तरुण जुन्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती लावू लागले. एका उतरणीतच मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई व पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेला 'रीपॅक' हे नाव पडले.

आम्ही मात्र दुकानात शिरलो की आधी गिअर पाहतो! शिमानोने २०१८ साली महागड्या एक्सटीआरला दिलेली १० ते ५१ दात्यांची बारा चक्रे २०२० साली बऱ्याच स्वस्त डिओरलाही दिली. जादा पैसा बहुतांशी वजन घटविण्यात जातो. तेव्हा गिअर मध्यम घ्यावेत आणि वाचलेला पैसा ब्रेक व टायर यांवर खर्चावा. चढावर दम लागला तर उतरून चालता येते. उतारावर ब्रेक लागला नाही, तर ती सोय नाही.